उत्तरोत्तर वाचन

वाचनाचे आकलन मोजणाऱ्या परीक्षांविषयी जे काही लिहिले जाते, त्यात परीक्षार्थी उतारा परीक्षेच्या वेळातच वाचतो हे गृहीत धरलेले असते. परंतु महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर सुटल्यावर, म्हणजे रविवारी सायंकाळी पाचनंतर, केंद्राबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांवर जे घडते त्याचे निरीक्षण केले असता हे गृहीतक फार काळ टिकत नाही. परीक्षागृहात उतारा केवळ नजरेखालून जातो, त्यातले काही शब्द ओळखीचे वाटतात, चार पर्यायांपैकी एखादा त्याहून अधिक ओळखीचा वाटतो आणि त्याचा गोळा काळ्या शाईने भरला जातो. वाचन, म्हणजे जुने पंडित ज्याला ग्रंथ लावणे म्हणत ते, त्यानंतर सुरू होते आणि आयोगाकडे त्याचे मापन करण्याची कोणतीही व्यवस्था नाही.

हा पेपर अधिकृत कागदपत्रांत 'सामान्य अध्ययन पेपर २' आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी 'सी-सॅट' या नावाने ओळखला जातो. केंद्रीय लोकसेवा आयोगाने तो २०११ मध्ये आणला आणि राज्याच्या आयोगाने २०१३ मध्ये त्याचे अनुकरण केले; पुढे २०२३ पासून राज्याच्या परीक्षेचे नावच 'महाराष्ट्र राजपत्रित नागरी सेवा संयुक्त पूर्व परीक्षा' असे झाले, जे एका दमात म्हणता येणे हीही आकलनाची एक लहानशी चाचणी मानता येईल. दोन तास, ८० प्रश्न आणि २०० गुण अशी त्याची रचना असून निम्म्याहून अधिक प्रश्न सहसा उताऱ्यांवर असतात. उतारे परिसंस्थेपासून बँकिंगपर्यंत आणि शिल्पकलेपासून उपग्रहांपर्यंत कशावरही असू शकतात, त्यांच्याखाली बहुधा लेखकाचे नाव नसते आणि काही उतारे भाषांतराची सोय न ठेवता केवळ मराठीत किंवा केवळ इंग्रजीत दिलेले असतात. यांपैकी इंग्रजी उताऱ्यांविषयी टपरीवर मतभेद कमी आढळतात, कारण मुळात मतेच कमी असतात.

आकलनाचा प्रश्न सरळ क्वचित विचारला जातो. 'खालीलपैकी कोणते/ती विधान/ने बरोबर आहे/त?' अशी तिरक्या रेघांनी एकवचन व अनेकवचन एकाच वेळी सांभाळणारी, जगातील कोणत्याही मराठी माणसाने मोठ्याने कधीही न उच्चारलेली वाक्यरचना त्यासाठी योजलेली असते; मग 'अ' आणि 'ब' अशी दोन विधाने येतात आणि त्यांखाली फक्त अ, फक्त ब, दोन्ही, दोन्हीही नाहीत अशी चार 'पर्यायी उत्तरे' येतात. या चौकटीचे वैशिष्ट्य असे की विधाने कोणतीही असोत, चौघांनी चार वेगळी उत्तरे दिली तर प्रत्येकाची बाजू मांडण्याइतकी सामग्री तिच्यात आधीच भरून ठेवलेली असते.

उत्तरे ताडून पाहण्याची निकड समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. दिल्लीतील २०१४ च्या आंदोलनानंतर केंद्राने २०१५ मध्ये आणि राज्याने २०२२ मध्ये हा पेपर केवळ पात्रतेपुरता ठेवला, म्हणजे त्यात ३३ टक्के, अर्थात ६६ गुण मिळवले की पुरे आणि त्यापुढची गुणवत्ता पहिल्या पेपरवर ठरते. राज्याच्या परीक्षेत बरोबर उत्तराला अडीच गुण मिळतात, चुकीच्या उत्तरामागे त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ०.६२५ गुण कापला जातो. ३० उत्तरे बरोबर आणि १४ चूक असणाऱ्याचे ६६.२५ होतात आणि तो पात्र ठरतो. त्याच्या शेजारच्या बाकावर ३० बरोबर आणि १५ चूक असणाऱ्याचे ६५.६२५ होतात आणि त्याने पहिल्या पेपरमध्ये राज्यघटनेचे कलम न् कलम अचूक सांगितलेले असले तरी तो बाहेर पडतो. हा पंधरावा प्रश्न कोणता, याचा शोध घेणे हे उत्तरे ताडून पाहण्याचे वरवरचे प्रयोजन होय. वरवरचे म्हणण्याचे कारण असे की ज्याचे ११० गुण निर्विवाद होत असतात तोही टपरीवरून हलत नाही, उलट वादात सर्वांत पुढे तोच असतो.

या चर्चेला काही संकेत आहेत. दोन पेपरांमधल्या मोकळ्या वेळेत, डबा उघडलेला असताना, पहिल्या पेपरचा विषय काढणे हा गंभीर असभ्यपणा समजला जातो आणि 'झालेल्या पेपरवर बोलायचं नाही' असे बजावणारा एक तरी ज्येष्ठ प्रत्येक झाडाखाली असतो. हाच ज्येष्ठ सायंकाळी घोळक्यापासून तीन पावले दूर, पाठ करून, परंतु कान वळवून उभा असलेला दिसतो. पेपर कसा गेला या प्रश्नाला 'चांगला' हे उत्तर या समाजात प्रचलित नाही. 'बरा' म्हणजे उत्तम, 'ठीक' म्हणजे वाईट आणि 'लेंदी होता', म्हणजे प्रश्न सुटले असते पण वेळ पुरला नाही, याचा अर्थ शेवटचे दोन उतारे न वाचता गोळे भरले, असा कोश जाणकारांनी मनात बाळगावा. परस्परांना 'साहेब' असे संबोधण्याची प्रथा येथे रूढ आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेत चहावाल्यापासून खानावळीच्या मावशींपर्यंत सर्वजण विद्यार्थ्यांना साहेबच म्हणतात आणि पद मिळण्याआधीच पदवाचक संबोधन मिळण्याची ही सोय अन्य क्षेत्रांत सहसा आढळत नाही.

प्रत्यक्ष ताडणीतला पहिला अडथळा म्हणजे संच. नक्कल टळावी म्हणून प्रश्नपुस्तिका ए, बी, सी आणि डी अशा चार संचांत छापली जाते आणि त्यांत प्रश्नांचा क्रम निरनिराळा असतो, त्यामुळे 'सतराव्याचं काय टाकलंस?' या विचारणेला अर्थ उरत नाही आणि प्रत्येक उताऱ्याचे आधी नामकरण करावे लागते. पुस्तिका सोबत नेण्याची मुभा असल्याने ती मोटारसायकलच्या सीटवर उघडली जाते आणि आठशे शब्दांचा युक्तिवाद करून ज्याने ज्ञानाचे स्वरूप उलगडले होते तो निनावी लेखक 'तो फिलॉसॉफीवाला', मधमाश्यांच्या ऱ्हासावर चिंता व्यक्त करणारा 'माशीवाला' आणि दुष्काळाचा अभ्यासक 'टँकरवाला' या नावांनी इतिहासजमा होतो. आयोग 'उताऱ्यास समर्पक शीर्षक द्या' असा प्रश्न विचारून जे साधू पाहतो, ते येथे विनासायास आणि एकमताने साधलेले असते.

टँकरवाल्याचेच उदाहरण विवेचनासाठी रचून पाहू. उताऱ्यात असे वाक्य आहे असे समजावे, की डोंगरमाथ्यावरील गावांच्या विहिरी मार्चअखेर आटतात आणि त्यानंतर गावात टँकर येतो. त्यावरची विधाने अशी : अ) उन्हाळ्यात या गावांना पाण्यासाठी बाहेरच्या पुरवठ्यावर अवलंबून राहावे लागते, ब) टँकरमुळे गावांची पाण्याची गरज भागते. परीक्षागृहात या प्रश्नाला दीड मिनिट मिळाले होते आणि बहुतेकांनी त्यातले वीस सेकंद खर्चून 'फक्त अ' असे उत्तर दिले होते. टपरीवर मात्र कटिंगचा पहिला घोट घेतानाच कोणीतरी लक्षात आणून देतो, की उतारा टँकर येतो एवढेच म्हणतो, टँकरमध्ये पाणी असते असे उताऱ्यात कोठेही म्हटलेले नाही, तेव्हा उत्तर 'दोन्हीही नाहीत' हेच होय. क्षणभर शांतता पसरते, पुस्तिका पुन्हा चाळली जाते आणि खरोखरच पाण्याचा उल्लेख सापडत नाही.

यावर दुसरा पक्ष उभा राहतो. आयोग शासनाचा, टँकर शासनाचा, तेव्हा शासनाच्या टँकरने गरज भागत नाही असे उत्तर आयोग कसे मान्य करील, आणि ज्यांना उद्या तहसीलदार व्हायचे आहे त्यांनी तसे उत्तर द्यावे तरी कसे, असा त्यांचा रोकडा सवाल असून त्यांचे उत्तर 'दोन्ही' असे आहे. टँकर तालुक्यातल्याच तलावावर भरला जात असेल तर तो पुरवठा 'बाहेरचा' कसा, हा प्रशासकीय मुद्दा उपस्थित करून चौथाही एकजण 'फक्त ब' कडे झुकू लागतो, जरी त्याने परीक्षेत काय लिहिले हे त्याला आता आठवत नसते. एवढ्यात माण तालुक्यातला एक उमेदवार ग्लास खाली ठेवतो आणि म्हणतो, 'आमच्याकडं आठ दिसांनी येतो, भावा. गरज कसली भागतीय?' ही साक्ष प्रत्यक्षदर्शीची असूनही एकमुखाने फेटाळली जाते, कारण आकलनाच्या प्रश्नात बाहेरचे ज्ञान वापरायचे नाही हा नियम प्रत्येक क्लासमध्ये पहिल्याच तासाला शिकवलेला असतो. ज्याने टँकरच्या रांगेत बालपण काढले त्याचे म्हणणे पुराव्याबाहेर जाते आणि ज्याने टँकर केवळ सिग्नलला थांबलेला पाहिला त्याचा तर्क ग्राह्य धरला जातो. माणचा उमेदवारही हा नियम मान्य करतो. त्याने स्वतः 'फक्त अ' च लिहिलेले असते आणि ते बरोबर यावे अशी त्याची इच्छा असते.

अशा वादांत दिसणारी पद्धतशीरता दाद देण्याजोगी आहे. भारतीय परंपरेत मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी उपक्रम, उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती या खुणा सांगितल्या आहेत, म्हणजे ग्रंथाचा आरंभ व शेवट पाहावा, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे ते पाहावे, नवे काय सांगितले आहे ते पाहावे, इत्यादी. यांतील 'अभ्यास' म्हणजे पुनरावृत्ती आणि पेठेतील अभ्यासाशीही हा अर्थ विसंगत नाही. पाचव्यांदा परीक्षा देणारा उमेदवार 'पहिला आणि शेवटचा पॅरा बघ, मधलं सगळं फिलर असतं' असे जेव्हा नवख्याला सांगतो, तेव्हा तो नकळत उपक्रम-उपसंहाराचाच पुरस्कार करीत असतो, आणि फरक एवढाच की मीमांसकांना मधले वाचावेच लागे. याहून मूलगामी भूमिका पर्यायवाद्यांची असते. ज्या पर्यायात 'फक्त', 'नेहमीच', 'पूर्णपणे' असे टोकाचे शब्द असतील तो चूक, ज्यात 'काही अंशी' असेल तो बरोबर, असे त्यांचे सूत्र असून त्यानुसार उतारा वाचण्याची गरज उरत नाही. आणि या पंथाचे गुण प्रामाणिक वाचकांपेक्षा फारसे कमी येत नाहीत, ही गोष्ट परीक्षेच्या रचनाकारांनी केव्हातरी शांतपणे विचारात घ्यावी अशी आहे. सलग तीन प्रश्नांचे उत्तर (२) आल्यास चौथ्याचे ते येणार नाही, असे मानणारा तिसरा वर्गही आहे, पण तो आकलनाच्या नव्हे, सांख्यिकीच्या इतिहासात मोडतो.

या साऱ्या वितंडाचे मूळ शोधू जाता ते पेठेत नव्हे, तर अमेरिकेतील कॅन्सस राज्यात सापडते. एम्पोरिया येथील शिक्षक-प्रशिक्षण संस्थेतले फ्रेडरिक जे. केली यांनी १९१५ च्या सुमारास शाळकरी मुलांसाठी मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. मूकवाचन म्हणजे मनातल्या मनात वाचणे. पर्यायांतून उत्तर निवडण्याच्या पद्धतीचा आरंभ बहुधा या चाचणीपासून धरला जातो, म्हणजे बहुपर्यायी प्रश्न जन्माला आला तोच वाचन मोजण्यासाठी. एकाच उत्तराला दोन शिक्षक वेगवेगळे गुण देतात, हा दोष केलींना काढून टाकायचा होता, म्हणून प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर एकच असावे आणि ते बरोबर की चूक यावर कोणाला वाद घालता येऊ नये. त्या चाचणीतील एका प्रश्नात गाय, वाघ, उंदीर आणि लांडगा ही चार नावे देऊन शेतावर उपयोगी असणाऱ्या प्राण्याच्या नावाभोवती रेघ ओढण्यास सांगितले होते.

कॅन्ससमधील मुलांनी गाईभोवती रेघ ओढली असावी आणि विषय संपला असावा. हाच प्रश्न राज्याच्या पूर्व परीक्षेत आला असता तर विदर्भातील उमेदवारांनी रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करणारा प्राणी म्हणून वाघाची बाजू घेतली असती, सह्याद्रीतील आदिवासी पाड्यांवर वाघबारशीला वाघाची पूजा होते याकडे नाशिकच्या उमेदवारांनी लक्ष वेधले असते आणि भाकड गाय शेतावर उपयोगी की खर्चिक यावर सांगली व लातूर यांच्यात रात्री नऊपर्यंत चर्चा चालली असती. केलींनी वाद गुणपत्रिकेतून हद्दपार केला हे खरे, पण हद्दपार झालेला वाद परीक्षागृहाच्या फाटकाबाहेर जाऊन बसला आणि चहा मागवता झाला.

हे केवळ आपल्याकडचेच वैगुण्य आहे असे समजण्याचे कारण नाही. २०१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील आठवीच्या वाचन परीक्षेत ससा आणि अननस यांच्या शर्यतीची कथा आली होती. अननस सशाला आव्हान देतो. ज्याला पायच नाहीत त्याने शर्यत लावली त्या अर्थी त्याने बाहीत काहीतरी डाव लपवला असला पाहिजे, असे मानून जंगलातले प्राणी अननसाच्या बाजूने उभे राहतात. अननस जागचा हलत नाही, ससा जिंकतो आणि प्राणी अननस खाऊन टाकतात. अननसाला बाह्या नसतात, असे तात्पर्य शेवटी दिलेले होते. प्राण्यांनी अननस का खाल्ला आणि सर्वांत शहाणा प्राणी कोणता, हे त्यावरचे प्रश्न. मुलांनी परीक्षेनंतर उत्तरे ताडून पाहिली, ती जुळेनात, गोष्ट पालकांपर्यंत आणि तेथून वृत्तपत्रांपर्यंत गेली आणि अखेर राज्याच्या शिक्षण आयुक्तांना हे प्रश्न गुणांत धरले जाणार नाहीत असे जाहीर करावे लागले. ही कथा ज्यांच्या कादंबरीतून उचलली होती ते विनोदी लेखक डॅनियल पिंकवॉटर यांच्या मूळ लेखनात अननस नव्हताच, तेथे वांगे होते. ते कोणत्या समितीत आणि कोणत्या शैक्षणिक तत्त्वानुसार अननस झाले, हे आठवीतल्या मुलांना विचारण्यात आले नाही, एवढे नशीब. पुढे २०१७ मध्ये सारा होलब्रुक या कवयित्रीने टेक्सास राज्याच्या परीक्षेतले स्वतःच्याच कवितांवरचे प्रश्न सोडवून पाहिले आणि आपल्याला उत्तरे येत नाहीत असे लिहिले. कविता दोन कडव्यांत का विभागली आहे, या प्रश्नाचे तिच्याजवळचे उत्तर, म्हणजे म्हणून दाखवताना ती तेथे थांबते, हे पर्यायांत नव्हते. आपल्या उताऱ्यांचे लेखक निनावी ठेवण्यामागे आयोगाची दूरदृष्टी असावी, असे अशा वेळी मानावेसे वाटते.

टपरीवरील पहिल्या फेरीनंतर, साधारणपणे दिवेलागणीला, क्लासच्या उत्तरतालिका येऊ लागतात. उत्तरतालिकेला व्यवहारात 'की' म्हणतात आणि एकाच सायंकाळी मोबाइलवर निरनिराळ्या क्लासच्या चार-पाच 'की' येऊन थडकतात, ज्यांत गणिताच्या प्रश्नांवर एकमत आणि उताऱ्यांवर फाटाफूट असते. उमेदवार उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत काढतो, प्रत्येक 'की' प्रमाणे गुण मोजतो आणि ज्या 'की' ने सर्वाधिक गुण येतात तिच्या क्लासचा सी-सॅट पहिल्यापासूनच कसा चांगला आहे हे खोलीतल्या इतरांना पटवू लागतो. स्थळ मनात भरल्यावर पत्रिका जुळेपर्यंत ज्योतिषी बदलत राहणाऱ्या वधुपित्याची निष्ठा येथे दिसते. याच वेळी कार्बन प्रत पाहून काहींना असेही कळते, की टपरीवर दोन तास आपण ज्या उत्तरासाठी भांडलो ते आपण उत्तरपत्रिकेत लिहिलेलेच नाही. अशा उमेदवाराची पंचाईत तात्त्विक स्वरूपाची असते, कारण त्याच्याच युक्तिवादाने त्याचे ०.६२५ गुण गेलेले असतात आणि त्या युक्तिवादात त्याला अजूनही कोठे खोट दिसत नसते.

आयोगाची अधिकृत 'प्रथम उत्तरतालिका' काही दिवसांनी येते आणि तिच्यावर शुल्क भरून पुराव्यासह 'हरकत' नोंदवण्याची मुदत दिली जाते. पहिल्या पेपरच्या हरकतींना पाठ्यपुस्तकांची पाने जोडता येतात, पण उताऱ्यावरील प्रश्नाचा पुरावा म्हणून उताऱ्यावाचून दुसरे काय जोडणार, हा पेच येथे उद्भवतो. कारण आयोगाने दिलेला उतारा आयोगालाच परत पाठवून तो नीट वाचावा अशी विनंती करणे, असेच त्या हरकतीचे स्वरूप होते. टँकरच्या प्रश्नावर शब्दकोशाचे पान जोडावे की ग्रामपंचायतीचा दाखला, यावर खोलीत मतभेद होतात आणि दाखल्याची बाजू घेणाऱ्याला पुन्हा एकवार आठवण करून दिली जाते, की बाहेरचे ज्ञान चालत नाही.

यानंतर अंतिम उत्तरतालिका येते, तीत काही उत्तरे बदलतात, काही प्रश्न रद्द होतात आणि पुस्तिका 'मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका : स्पष्टीकरणासह' या जाडजूड ग्रंथप्रकारात दाखल होते. त्यातील स्पष्टीकरण हा गद्याचा एक स्वतंत्र नमुना असून त्याच्या अभ्यासाकडे मराठी समीक्षेने दुर्लक्ष केले आहे. प्रथम तालिकेनंतर घाईने निघालेल्या आवृत्तीत, उताऱ्यातील दुसऱ्या परिच्छेदावरून हे स्पष्टपणे दिसते, म्हणून पर्याय (१) योग्य, असे छापलेले असते. अंतिम तालिकेत उत्तर बदलले की पुढच्या आवृत्तीत कंसातला एक जाऊन तेथे तीन येतो आणि दुसऱ्या परिच्छेदावरून ते पूर्वीइतकेच स्पष्टपणे दिसत राहते. जुनी आवृत्ती पदपथावरून निम्म्या किमतीत घेणारा आणि नवी आवृत्ती दुकानातून घेणारा असे दोन नवखे पुढच्या वर्षी एकाच अभ्यासिकेत शेजारी बसतात आणि सायंकाळी चहाला उतरल्यावर, परीक्षेला अजून सात महिने असताना, टँकरवाल्याचे उत्तर ताडून पाहतात.